तिशीनंतर वैमानिक व्हायचे असेल तर : परदेशी प्रशिक्षणाच्या पायऱ्या आणि त्यांचा क्रम

आठ-दहा वर्षे नोकरीत स्थिरावलेली, बहुतेक पुण्या-मुंबईच्या संगणक क्षेत्रातली माणसे मला गेली काही वर्षे हेच विचारत आली आहेत : या वयात विमान कंपनीत वैमानिक होता येईल का, आणि त्यासाठी परदेशी जावे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकांच्या बाबतीत होकारार्थी असते. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येकाचे शरीर, पैसा आणि घरची परिस्थिती पाहून द्यावे लागते. मी स्वतः एकतिसाव्या वर्षी नोकरी सोडून अमेरिकेत शिकायला गेलो. त्या अनुभवावरून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. या मार्गावरची कोणतीही पायरी एकेकटी पाहिली तर फार अवघड नाही. माणसे अडकतात आणि कर्जात रुततात, ती बहुधा पायऱ्यांचा क्रम उलटा लावल्यामुळे. म्हणून हा लेख क्रमाने वाचावा आणि क्रमानेच अमलात आणावा. तो भारतीय पारपत्र असलेल्या, अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन भारतीय विमान कंपनीत नोकरी करू इच्छिणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिला आहे.

वयाविषयी आधी थोडे. विमान कंपनीच्या वैमानिकाला पासष्टाव्या वर्षापर्यंत उड्डाण करता येते. बत्तिसाव्या वर्षी सुरुवात करून पस्तिसाव्या-छत्तिसाव्या वर्षी सहवैमानिकाच्या आसनावर बसलेल्या माणसापुढे जवळजवळ तीन दशकांची कारकीर्द शिल्लक असते. अडचण आहे ती विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांची, म्हणजे नवख्यांना निवडून, प्रशिक्षण देऊन नोकरीत घेण्याच्या योजनांची. त्यांतल्या अनेकांना वयोमर्यादा असते आणि तिशी ओलांडलेल्यांना ते दार बंद असू शकते. अशा वेळी स्वखर्चाने परवाना मिळवण्याचा मार्ग उरतो, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच मार्गाचे आहे.

राजीनाम्याआधी वैद्यकीय तपासणी

पहिली पायरी डॉक्टरांच्या दारात आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसार आधी 'वर्ग दोन'ची तपासणी करावी लागते. ती मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे होते आणि त्यानंतर उमेदवाराची कायमची वैद्यकीय नस्ती उघडली जाते. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी वर्ग एकची तपासणी यानंतरची. ती बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनसारख्या वायुदलाच्या केंद्रांत किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या परीक्षकांकडे होते. हृदयाचा आलेख, श्रवणचाचणी, रक्त-लघवी, छातीची क्ष-किरण प्रतिमा, डोळ्यांची सविस्तर तपासणी आणि रंगदृष्टी हे त्यातले मुख्य भाग आहेत.

चष्मा असणे हा अडथळा नाही. चष्म्याने दृष्टी अपेक्षित पातळीवर येणे पुरेसे असते. रंगांधळेपणाची बाब मात्र वेगळी आहे. अनेकांना तो आपल्याला आहे हे तिशीपर्यंत कळलेलेच नसते, कारण रोजच्या कामात त्याची अडचण येत नाही. दहा वर्षे खुर्चीत बसून काम केलेल्यांच्या बाबतीत जास्त संभवतात ते वाढलेले वजन, रक्तदाब आणि साखर. यांमुळे 'तात्पुरते अपात्र' असा शेरा मिळाला, तर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. नोकरी चालू असेल तर हे काही महिने व्यायामात आणि पथ्यात निघून जातात. राजीनामा दिलेला असेल आणि शाळेचे शुल्क भरलेले असेल, तर तेच महिने व्याजात जातात. जुना आजार, शस्त्रक्रिया किंवा चालू औषध लपवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाशी पुढे बोलू नये. ही नस्ती संपूर्ण कारकीर्दभर तुमच्या मागे राहते आणि लपवलेली गोष्ट उघडकीस आली तर परवानाच धोक्यात येतो.

अमेरिकेत शिकताना तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाचे वैद्यकीय प्रमाणपत्रही स्वतंत्रपणे घ्यावे लागते. ते भारतात चालत नाही, आणि भारताचे तिथे चालत नाही.

गुणपत्रिका, कॉम्प्युटर नंबर आणि लेखी परीक्षा

भारतीय व्यावसायिक परवान्यासाठी आजवरची शैक्षणिक अट बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची आहे. वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्यांनी हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. डीजीसीएच्या परीक्षांना बसण्यासाठी कॉम्प्युटर नंबर नावाचा उमेदवार क्रमांक लागतो, आणि त्यासाठी गुणपत्रिकांची शिक्षण मंडळाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. महाराष्ट्र मंडळातून बारावी झालेल्यांनी आपल्या विभागीय मंडळाकडे हा अर्ज लवकर करावा. पंधरा वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आजच्या पारपत्रावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी तो दुरुस्त करण्यात आठवडे जातात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

एवढी काटेकोर पडताळणी कशासाठी, असे वाटण्याची शक्यता आहे. २०११ साली गोव्यात एका प्रवासी विमानाने नेहमीप्रमाणे मागच्या मुख्य चाकांवर न उतरता आधी पुढच्या चाकावर टेकत जमीन गाठली. त्या घटनेच्या चौकशीतून संबंधित वैमानिकाच्या गुणपत्रिका बनावट असल्याचे पुढे आले आणि पाठोपाठ अनेक परवान्यांची छाननी झाली. त्या छाननीची सावली आजही प्रत्येक अर्जावर आहे, आणि ती असावी असेच माझे मत आहे.

परीक्षांचे विषय हवाई नियमावली, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान हे आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. परदेशी व्यावसायिक परवाना घेऊन परतणाऱ्यांना दिशादर्शन व हवामान यांची एकत्रित प्रश्नपत्रिका आणि हवाई नियमावली अशी संक्षिप्त वाट उपलब्ध आहे. त्यामुळे अनेक जण 'परत आल्यावर पाहू' असे म्हणतात. माझा सल्ला नेमका उलट आहे. सगळे विषय नोकरी चालू असताना, जाण्याआधी सोडवावेत. दहा वर्षे पाठ्यपुस्तक न उघडलेल्या माणसाला आपल्याला पुन्हा अभ्यास जमतो की नाही, हे समजून घेण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. गणित बारावीच्या पलीकडचे नाही. साठ सागरी मैल अंतर कापल्यावर विमान रेषेपासून एक मैल सरकले असेल तर दिशा साधारण एका अंशाने चुकली आहे, हा दिशादर्शनातला रोजचा ठोकताळा आहे. अवघड आहे ते तो दोन मिनिटांत, हाताने विमान सांभाळत, डोक्यात लावणे. ही सवय टेबलावर लागलेली असली की हवेत विकत घेतलेला प्रत्येक तास अधिक उपयोगी पडतो.

याशिवाय विमानातून रेडिओवर संभाषण करण्यासाठी आरटीआर नावाचा परवाना लागतो. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार विभागाकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नुसार ती जबाबदारी डीजीसीएकडे आली आहे. तिचा तोंडी भाग अनेकांना जड जातो. इंग्रजी चांगले असणे वेगळे आणि ठरावीक शब्दांत, ठरावीक क्रमाने, न अडखळता बोलणे वेगळे.

पैशाचा हिशेब दोन भागांत करावा

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. शाळेच्या माहितीपत्रकात जो आकडा असतो तो परवान्यापर्यंतच्या उड्डाणांचा असतो, आणि तोसुद्धा किमान तासांत शिक्षण पूर्ण होईल असे गृहीत धरून काढलेला. प्रत्यक्षात बहुसंख्य विद्यार्थ्यांना किमान तासांपेक्षा जास्त तास लागतात. राहणे, जेवण, आरोग्य विमा, परीक्षकाचे मानधन, हेडसेट, नकाशे आणि पुन्हा द्याव्या लागणाऱ्या चाचण्या हे सगळे वेगळे. एकइंजिन आणि बहुइंजिन विमानांवरचा व्यावसायिक परवाना व इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) धरून साठ-सत्तर लाख रुपयांच्या खाली अंदाज बांधू नये, असे मी सांगतो.

हा झाला पहिला भाग. दुसऱ्या भागात परतल्यानंतर परदेशी परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर, भारतातल्या चाचणी उड्डाणांचा खर्च, एअरबस ए-३२० सारख्या विमानाचे टाइप रेटिंग (त्या विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) आणि नोकरी मिळेपर्यंतचा घरखर्च येतो. टाइप रेटिंगलाच साधारण पंधरा ते वीस लाख लागू शकतात. दोन्ही भाग मिळून हिशेब एक कोटीच्या आसपास जातो. जो माणूस सगळी पुंजी पहिल्या भागात संपवतो, तो हातात परवाना असूनही घरी बसतो. दुसऱ्या भागाच्या किमान निम्म्या पैशाची तरतूद झाल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

शैक्षणिक कर्ज मिळते, पण इतक्या मोठ्या रकमेला बँका बहुधा स्थावर तारण मागतात. आईवडिलांचे राहते आणि एकमेव घर तारण ठेवू नये, हे माझे ठाम मत आहे. परदेशी पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेनुसार प्रत्येक आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती पुरेशी असते. ठरावीक मर्यादेवरच्या रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जातो आणि तो नंतर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर मात्र २०२५-२६ पासून तो लागत नाही. डॉलरचा भाव शिक्षणाच्या दीड वर्षात वाढेल असे धरूनच आकडे मांडावेत.

देश आणि शाळा निवडताना

भारतातही चांगल्या शाळा आहेत. महाराष्ट्रातच गोंदियाला आणि बारामतीला उड्डाण प्रशिक्षण चालते. मग बाहेर का जावे? मुख्य कारण तासांचा वेग. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगांमुळे उड्डाणे रखडतात, आणि विमानांच्या तुलनेत विद्यार्थी जास्त असले की २०० तासांना दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. नोकरी सोडून आलेल्या माणसाला हा काळ सर्वांत महाग पडतो. अमेरिकेत विमानतळ, विमाने आणि परीक्षक यांची संख्या मोठी असल्याने बारा ते अठरा महिन्यांत काम होऊ शकते. दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथेही भारतीय विद्यार्थी जातात. युरोपीय परवान्याची सैद्धांतिक परीक्षा १३ विषयांची असते आणि ती युरोपात नोकरी करू इच्छिणाऱ्यांनीच पत्करावी.

अमेरिकेतही सगळीकडे निळे आकाश नसते. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी वादळे जवळजवळ रोजची असतात, त्यामुळे पहाटेची उड्डाणे मिळणे महत्त्वाचे ठरते. ॲरिझोनात आकाश स्वच्छ असते, पण उन्हाळ्यातल्या चाळीस अंशांच्या वरच्या उष्णतेत हवा विरळ होते आणि लहान विमानाला उड्डाणासाठी बरीच लांब धावपट्टी लागते.

शाळेला विचारायचे प्रश्न थोडे आणि नेमके असावेत. आज उड्डाणयोग्य अशी विमाने किती आणि विद्यार्थी किती? मागच्या वर्षी पूर्ण करून गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात किती महिने आणि किती तास लागले? परीक्षकाच्या तारखेसाठी किती थांबावे लागते? मध्येच सोडल्यास उरलेले पैसे किती दिवसांत परत मिळतात, आणि हे करारात लिहिले आहे का? या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या प्रतिनिधीकडून न घेता तिथे आज शिकत असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांकडून घ्यावीत. मी हे केले नव्हते. सवलतीच्या मोहाने मी एका शाळेला शुल्काचा मोठा हिस्सा एकरकमी दिला, आणि तिथे पोचल्यावर कळले की विमानांपैकी निम्मी दुरुस्तीत आहेत. चार महिन्यांत माझे जेमतेम पस्तीस तास झाले. ती शाळा सोडताना उरलेले सगळे पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की पैसे लहान हप्त्यांत, उडालेल्या तासांच्या मागोमाग द्यावेत. जी शाळा याला तयार नसेल ती सोडावी.

व्हिसा आणि सुरक्षा तपासणी

उड्डाण प्रशिक्षणासाठी अमेरिकेचा एम-वन हा व्यवसाय-शिक्षणाचा व्हिसा सर्वसाधारण आहे. काही संस्था एफ-वन या शैक्षणिक विद्यार्थी व्हिसावर प्रवेश देतात. शाळेकडून आय-ट्वेंटी हे प्रवेशाचे कागद आल्यावर ३५० डॉलरचे सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थी नोंदणीचे, शुल्क भरून मुलाखत द्यावी लागते. मुलाखतीत पैसा कोठून येणार आणि परत का येणार, या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे हवीत. मधेच नोकरी बदलून पुन्हा विद्यार्थी होणाऱ्याला दुसरा प्रश्न हमखास येतो, आणि भारतात आधीच उत्तीर्ण केलेल्या डीजीसीएच्या परीक्षा हे त्याचे उत्तम उत्तर असते. एम-वनवर शिकत असताना नोकरी करता येत नाही, आणि सोबत आलेल्या जोडीदारालाही काम करण्याची परवानगी नसते. अमेरिकेत असताना एम-वनचा एफ-वन करून घेता येत नाही. त्यामुळे तिथे राहून प्रशिक्षक म्हणून तास वाढवायचे असतील, तर तो विचार व्हिसाच्या आधीच करायचा असतो.

परदेशी नागरिकाला अमेरिकेत विमान चालवायला शिकण्याआधी तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची मंजुरी लागते. तिच्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि मंजुरीशिवाय प्रशिक्षण सुरू होत नाही. अर्ज शाळेच्या साहाय्याने वेळेत करावा.

प्रत्यक्ष उड्डाण

शिक्षण साधारणपणे सेस्ना १७२ किंवा पायपर आर्चरवर सुरू होते. आधी एकट्याने उड्डाण, मग खासगी परवाना, मग केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे रेटिंग, बहुइंजिन आणि व्यावसायिक परवाना असा क्रम असतो. प्रत्येक परवान्याच्या आणि रेटिंगच्या शेवटी चेकराइड, म्हणजे परीक्षकासोबतची चाचणी, असते आणि बहुतेकांसाठी त्याआधी लेखी परीक्षाही. चेकराइडमध्ये परीक्षक आधी दोन-तीन तास तोंडी प्रश्न विचारतो आणि मगच विमानाकडे नेतो.

कारकीर्द बदलून आलेल्यांना दोन गोष्टी जड जातात, असे मी पाहिले आहे. एक म्हणजे शिक्षक बहुधा तेवीस-चोवीस वर्षांचा असतो आणि तो तुमची चूक तुमच्या पदाचा, अनुभवाचा विचार न करता दाखवतो. ते ऐकून घेण्याची तयारी हवी. दुसरी म्हणजे हात उशिरा शिकतो. विमान उतरवणे विशीतल्या मुलाला पंधरा तासांत जमले आणि तुम्हाला पंचवीस लागले, तर त्यात काही बिघडलेले नसते. मोठ्यांची शिस्त, तयारी आणि हवामान वाईट असताना 'आज नको' म्हणण्याची समज याच काळात त्यांच्या उपयोगी पडते.

आता तासांचा हिशेब. अमेरिकेत पार्ट ६१ या नियमांखाली व्यावसायिक परवान्याला २५० तास लागतात आणि पार्ट १४१ खाली १९० तासांतही तो मिळू शकतो. भारतात मात्र २०० तास हवेत आणि त्यांतले १०० तास स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडालेले हवेत. १९० तासांवर परतलेला विद्यार्थी भारतात अडतो. त्याशिवाय ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेला प्रवास, ५ तासांचे रात्रीचे उड्डाण आणि १० रात्रउड्डाणे व अवतरणे लागतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी ४० तासांचे उपकरण-उड्डाण आणि प्रमुख म्हणून केलेले ५० तासांचे दूरप्रवास लागतात. अमेरिकी नियमांत शिक्षक शेजारी असताना किंवा सेफ्टी पायलट (दुसरा वैमानिक उपकरणांचा सराव करत असताना बाहेर नजर ठेवणारा) म्हणून बसल्यावरही काही वेळा प्रमुखाचे तास लिहिता येतात. भारतात ते धरले जातील असे मानून चालू नये. लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, भारतीय निकषांचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, दर महिन्याला शाळेची सही-शिक्का घ्यावा आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र घरी पाठवावे.

परतल्यानंतर

भारतीय परवान्यासाठी डीजीसीएकडे करायच्या अर्जाच्या दिवसाआधीच्या सहा महिन्यांत प्रमुख म्हणून किमान १५ तासांचे उड्डाण झालेले असावे लागते आणि कौशल्य चाचण्यांनाही तशीच मुदत असते. म्हणून शेवटचे तास आणि शेवटच्या चेकराइड परतीच्या अगदी जवळ आणाव्यात, वर्ग एकचे वैद्यकीय प्रमाणपत्र मुदतीत ठेवावे आणि परदेशी परवान्याच्या पडताळणीची विनंती तिथून निघण्याआधीच पाठवावी. मुदत संपली तर भारतातल्या शाळेत पुन्हा तास घ्यावे लागतात, आणि हे पावसाळ्यात ओढवले तर महिने जातात. मार्च-एप्रिलनंतर परतणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

परवाना हाती आल्यावर टाइप रेटिंग लगेच स्वखर्चाने करावे की कंपनीच्या भरतीची वाट पाहावी? माझे मत वाट पाहण्याकडे झुकते, कारण एका प्रकारच्या विमानाचे रेटिंग घेतल्यावर भरती दुसऱ्याच विमानासाठी निघाली तर ते पैसे अडकतात. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, हे खरे आहे. पण ती विमाने अनेक वर्षांत येत राहतात. शिवाय एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची, २०२० मध्ये महासाथीमुळे सगळ्यांचीच आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नव्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले. एक-दोन वर्षांची प्रतीक्षा गृहीत धरूनच घरच्यांशी बोलावे.

या प्रतीक्षेत जुन्या व्यवसायातले अर्धवेळ काम करण्यात कमीपणा मानू नये. साहाय्यक उड्डाण प्रशिक्षकाचे रेटिंग घेऊन भारतीय शाळेत शिकवणे हा याहून चांगला पर्याय, कारण त्यात पगार मिळतो, तास वाढतात आणि पुढे एटीपीएल या सर्वोच्च परवान्यासाठी लागणाऱ्या १,५०० तासांकडे वाटचाल सुरू होते. भरतीच्या लेखी, मानसशास्त्रीय आणि सिम्युलेटर चाचण्यांची तयारीही यात चालू राहते. काहीही केले तरी इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे वार्षिक नूतनीकरण चुकवू नये. भरतीची जाहिरात आली आणि अर्ज करायला दहा दिवस हातात आहेत, अशा वेळी मुदत संपलेले रेटिंग त्या दहा दिवसांत बहुधा उभे करता येत नाही.